बोल्ट कोणत्या उंचीवर आवळला?

पत्र (थोडक्यात) : काका, मी खानापूर तालुक्यातला, वय २४. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे, रोज गावाहून जाऊन-येऊन करतो. गेल्या वर्षी जुनी स्विफ्ट घेतली आणि दिवाळीनंतर लोअरिंग स्प्रिंग घालून ती ४० मिलिमीटर खाली बसवली. पहिले पंधरा दिवस सगळं छान होतं. मग हंपवर चढताना पुढून 'कर्रर्र' असा आवाज सुरू झाला. आता गाडी लाकडासारखी टणक लागते आणि अलाइनमेंट दोनदा करूनही पुढचे टायर आतल्या बाजूने झिजतात. एक मिस्त्री म्हणतो, बुश गेलेत, सगळे नवीन टाक. दुसरा म्हणतो, पॉलीचे (पॉलियुरेथेन प्लास्टिकचे) टाक, जन्माचं काम होईल. तिसरा म्हणतो, लोअर केलेली गाडी आवाज करणारच. आईला कमरेचं दुखणं आहे. महिन्यातून एकदा तिला बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि प्रत्येक हंपवर ती डोळे मिटून घेते. बाबा म्हणतात, स्प्रिंग काढून फेकून दे. काय करू?

उत्तर : पोरा, नवीन बुश आजच विकत आणू नकोस. आधी एका प्रश्नाचं उत्तर शोध. स्प्रिंग घातल्या त्या दिवशी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, बोल्ट कुणी सैल केले होते का? केले असतील, तर परत आवळताना गाडी कुठे होती, चाकांवर उभी की जॅकवर लटकलेली? तुझ्या चार पानी पत्रात सगळं आहे, स्प्रिंगचा रंगसुद्धा आहे, पण हे नाही. तुला तिन्ही मिस्त्र्यांपैकी कुणी ते विचारलं नाही असं दिसतंय. तुझ्या गाडीचं दुखणं मला तरी तिथेच वाटतं.

बुश म्हणजे काय ते आधी नीट समजून घे, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात दाराच्या बिजागरीचं चित्र असतं. बोल्ट ही खीळ आणि आर्म तिच्याभोवती फिरतो, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. बुशमध्ये दोन नळ्या असतात, एकात एक, आणि मधल्या जागेत रबर. हे रबर दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो, आणि तो आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांत घट्ट धरली जाते. ती फिरतच नाही, फिरायलाही नको. चाक वर गेलं की आर्म फिरतो, त्याच्याबरोबर बाहेरची नळी फिरते, आतली जागची हलत नाही आणि मधलं रबर पिळलं जातं. चाक खाली आलं की पीळ सुटतो. कुठेही काही घासत नाही, म्हणून रबरी बुशला ग्रीस लागत नाही. आवाज आला की त्यावर ग्रीस नाहीतर जुनं इंजिन ऑइल चोपडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना हात लावू देऊ नकोस. तेलाने हे रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग खरंच फाटतं.

तू सीएनसीवर आहेस, तुला हे लगेच कळेल. जॉबचा झिरो, म्हणजे मापं जिथून मोजायची ती जागा, चुकीच्या ठिकाणी घेतला तर प्रोग्राम कितीही बरोबर असला तरी सगळी मापं चुकतात. बुशचा झिरो म्हणजे बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात होता तो कोन. त्या कोनात रबराला पीळ नसतो. कारखान्यात तो गाडीच्या मूळ उंचीचा हिशेब धरून ठरवलेला असतो. तू गाडी ४० मिलिमीटर खाली आणलीस, पण बोल्ट कुणी सैल केले नसतील, तर झिरो जुन्याच उंचीवर राहिला.

आता मोज. आतल्या बोल्टपासून चाकाकडच्या टोकाच्या बॉल जॉइंटपर्यंत आर्मची लांबी ३०० मिलिमीटर धरू. टेप लावून तुझ्या गाडीची खरी लांबी घे. चाक गाडीच्या तुलनेत ४० मिलिमीटर वर सरकलं, म्हणजे आर्म साडेसात अंशांहून थोडा जास्तच फिरला. गाडी दारात उभी असताना, रात्रभर, रबर एवढं पिळलेलं आहे. ओला पंचा पिळून तसाच धरून ठेवावा तसं. हंपवर चाक आणखी वर जातं आणि आधीच्या पिळावर नवा पीळ चढतो. तो 'कर्रर्र' आवाज मला त्या ताणाचाच वाटतो.

दुसरी शक्यता याहून वाईट आहे. स्प्रिंग बदलताना मिस्त्रीने बोल्ट सैल केले आणि चाकं हवेत लोंबत असतानाच परत आवळले, तर झिरो लोंबत्या आर्मवर गेला. लोंबताना चाक नेहमीच्या उंचीपेक्षा सहज ८०-९० मिलिमीटर खाली जातं. ९० धरलं तर पीळ १७ अंशांच्या पुढे जातो. रबर हे फार दिवस सोसत नाही. आधी बाजूने बारीक चिरा पडतात, मग नळीपासून रबर सुटतं, आणि त्यानंतर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायला लागते.

हे मी माझ्या हाताने करून बसलोय. शिकाऊ होतो तेव्हा एका डॉक्टरांच्या गाडीचे पुढचे बुश मी एका वर्षात दोनदा बदलले. दुसऱ्यांदा काढलेले बुश उस्तादांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, नीट बघ, कुठे फाटलंय. दोन्ही बाजूंचं रबर एकाच दिशेने, पीळ दिल्यासारखं फाटलेलं होतं. माल चांगला होता. मी दोन्ही वेळा गाडी जॅकवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळले होते. डॉक्टरांनी दोनदा पैसे मोजले आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते मला आजही खुपतं. म्हणून तुझ्यासारख्या पत्राला मी लांबलचक उत्तर देतो. लोअरिंग न केलेल्यांनीही हे वाचावं. आपल्या भागात नवीन बुश एका पावसाळ्यात जातात तेव्हा सगळे रस्त्याला नाहीतर डुप्लिकेट मालाला दोष देतात, आणि आवळताना गाडी कुठे होती हे कुणी विचारत नाही.

टणकपणाचं कारणही यातच आहे. पिळलेलं रबर स्वतःच स्प्रिंगसारखं काम करतं. ते आर्मला जुन्या कोनाकडे, म्हणजे खाली ढकलत राहतं, तर चाकाला वर जायचं असतं. शिवाय लोअरिंग स्प्रिंग मुळात कडक असते आणि शॉकअपचा वर जायचा प्रवास ४० मिलिमीटरने कमी झालेला असतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर धक्का थेट सीटमध्ये येतो. यातली पहिली गोष्ट आपण पूर्ण काढू शकतो. उरलेल्या दोन स्प्रिंगबरोबरच आल्यात.

आता काम. हे अलाइनमेंटच्या दुकानात करून घे, जिथे गाडी चाकांवरच रॅम्पवर चढते किंवा खाली खड्डा असतो. बेळगावात अशी दुकानं पुष्कळ आहेत. ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजातला खड्डाही चालेल. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली मात्र शिरू नकोस, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

जाण्याआधी गाडी खालून धुऊन घे. तुमच्या खानापूर भागातली तांबडी माती बुशभोवती सिमेंटसारखी बसते आणि चिरा झाकून टाकते. टाकी निम्मी ठेव, टायरमध्ये बरोबर हवा ठेव, डिकीतलं सामान काढ. खाली गेल्यावर बॅटरीच्या उजेडात प्रत्येक बुश बघ. वरवरच्या केसासारख्या रेषा चालतात. चीर खोल असेल, किंवा रबर आणि नळी यांच्यात फट दिसत असेल, किंवा पहार लावून आर्म ढकलल्यावर तो सैल हलत असेल, तर तो बुश गेला. तेव्हा नवीनच टाक, आणि जोडीने टाक, डावा-उजवा दोन्ही. काही बुशांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. ते दाबून बसवताना दिशा चुकवायची नाही. जुना काढण्याआधी आर्मवर खूण कर.

बुश शाबूत असतील तर एवढंच करायचं. ज्या बोल्टवर आर्म वर-खाली फिरतो ते आडवे बोल्ट सैल करायचे. सैल, काढायचे नाहीत. नट इतकाच ढिला कर की आतली नळी कानांतून मोकळी होईल. पीळ जास्त असेल तर त्या क्षणी 'टक्' असा आवाज येतो आणि आर्म अंगातून निसटल्यासारखा किंचित सरकतो. तो ऐकलास तर माझं निदान बरोबर होतं. मग बॉनेट धरून गाडी चार-पाच वेळा खाली दाब. रॅम्पवर फिरत्या प्लेट नसतील तर हाताने ढकलून गाडी हातभर पुढे-मागे घे, नाहीतर टायर जमिनीला धरून बसतात आणि आर्म खऱ्या जागी येत नाही. इंजिन सुरू करून चालवायची मात्र नाही. बोल्ट सैल आहेत. यानंतर गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळायचं. आकडा तुझ्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घे, अंदाजाने नको. एकदाच वापरायचे नट-बोल्ट असतील तर नवीन आणून ठेव. सबफ्रेमच्या (आर्म ज्या चौकटीवर बसतात तिच्या) आणि बॉल जॉइंटच्या बोल्टना हात लावायचा नाही. त्यांचा पिळाशी संबंध नाही, आणि सबफ्रेम जागची हलली तर अलाइनमेंटचा नवा घोळ होईल.

दोन बारकावे राहिले. काही आर्मचा मागचा बुश उभा असतो, म्हणजे त्याचा बोल्ट खालून वर जातो. त्याला पीळ बसत नाही, तो कलतो. तिथे बोल्ट सैल करून काही मिळणार नाही, फक्त तपासून घ्यायचं. आणि मागचा अॅक्सल विसरू नकोस. स्विफ्टला मागे आडवी बीम असते आणि ती पुढच्या टोकाला दोन मोठ्या बुशांवर लटकते. गाडी मागूनही खाली आली आहे, म्हणजे त्यांचाही झिरो जुनाच आहे. पुढचं काम करून मागचं सोडणारे मिस्त्री मी खूप पाहिलेत. मागचे बुश आवाज न करता मरतात, म्हणून त्यांची आठवण येत नाही.

गॅरेजात दोन खांबांची लिफ्टच असेल, जिथे चाकं लोंबतात, तर उपाय आहे, पण हात बसलेला माणूस पाहिजे. गाडी जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांचं मोजून लिहून ठेवायचं. लिफ्टवर घेतल्यावर एकेका आर्मखाली जॅक लावून तेच अंतर परत येईपर्यंत उचलायचं आणि मग आवळायचं. त्यात गाडी लिफ्टच्या हातावरून उचलली जाण्याचा धोका असतो. म्हणून तुला मी रॅम्पच सांगेन.

मिस्त्री म्हणेल, याची गरज नाही, आम्ही वर्षानुवर्षं असंच आवळतो. वाद घालू नकोस. अर्ध्या तासाची मजुरी जास्त देतो म्हण, आणि समोर उभा राहा. तो कन्नड बोलणारा असेल तर सरळ सांग, 'गाडी केळग इळिसि, आमेले टाइट माड्री.' माझ्या ओळखीचे जे खरे कारागीर आहेत, मराठी काय आणि कन्नड काय, त्यांना हे एका वाक्यात पटतं.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. तू दोनदा केलीस आणि टायर तरी झिजतोय, याचं मला नवल वाटत नाही. गाडी खाली आली की टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलीत) आणि कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाक किती कललंय) दोन्ही बदलतात. नवीन स्प्रिंग काही दिवस बसत जाते, आणि बुशच्या पिळाने गाडी थोडी वर धरली गेलेली असते. उंचीच खरी नसताना घेतलेला आकडा टिकेल कसा? बोल्ट बरोबर आवळून शंभर-दीडशे किलोमीटर चालव आणि मग कर. आतून झिजला की सगळे कॅम्बरकडे बोट दाखवतात. पण टो चुकला असेल तर टायर प्रत्येक मीटरला थोडा घासत जातो आणि त्याने कॅम्बरपेक्षा लवकर टायर जातो. छापील रिपोर्ट मागून घे, आधीचा आणि नंतरचा. हेडलाइटचा झोतही बघून घे, कारण पुढची-मागची उंची सारखी उतरली नसेल तर तो हलतो.

पॉली बुशबद्दल. ते वाईट नाहीत. त्यात आतली नळी प्लास्टिकमध्ये फिरते, चिकटवलेली नसते, म्हणून पिळाचा प्रश्नच येत नाही. तिथे मात्र घासणं आहे, म्हणून त्यांना त्यांचंच सिलिकॉनवालं ग्रीस लागतं, आणि धूळ-पाणी शिरलं की ते करकरतात. कंपनही जास्त आत येऊ देतात. तुझ्या रस्त्याला उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि जूनपासून चार महिने धो-धो पाऊस. आईला घेऊन जायची गाडी असेल तर मी रबरच ठेवीन.

तिसऱ्या मिस्त्रीचं, म्हणजे आवाज येणारच, हे तू सोडून दे. बरोबर बसवलेली लोअर गाडी गप्प असते.

आता बाबांचं म्हणणं. तुझं वय मला समजतं, आणि खाली बसलेली गाडी दिसते छान, हेही मला मान्य आहे. तरी ४० मिलिमीटर तुझ्या रस्त्याला जास्त आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. स्विफ्टचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स मॉडेलप्रमाणे १६३ ते १७० मिलिमीटर. त्यातून ४० गेले, मग चार माणसं बसल्यावर गाडी आणखी दबते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल हंप ३.७ मीटर लांब आणि १० सेंटीमीटर उंच सांगितलाय. तसा हंप असेल तर गाडी अलगद चढते आणि उतरते. पण गावोगाव घातलेले हंप हातभर रुंद आणि वीतभर उंच, काठीसारखे. त्यात उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि पावसात जांबोटीच्या बाजूला गेलास तर पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे ते चाक पडल्यावरच कळतं. शॉकअप तळाला आपटला की तो धक्का बुश, स्ट्रटचा (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीचा) वरचा माउंट आणि आईची कंबर, तिघांनाही बसतो.

माझं ऐकशील तर आधी हे बोल्टचं काम कर, ते कमी खर्चाचं आहे आणि स्प्रिंग कुठलीही ठेवलीस तरी करावंच लागणार आहे. मग आईला पुढच्या सीटवर बसवून एकदा देसूरपर्यंत नेऊन आण आणि तिलाच विचार. ती तरीही डोळे मिटत असेल तर मे संपायच्या आत मूळ स्प्रिंग परत घाल. जुन्या स्प्रिंग विकल्या नसतील अशी आशा आहे. मूळ स्प्रिंग घातल्यावरही हेच सगळं पुन्हा करायचं, कारण उंची परत बदलली, झिरो परत बदलला. एक व्यवहाराची गोष्ट. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तो मुद्दा पुढे येऊ शकतो. पॉलिसीची कागदपत्रं काढून वाच, आणि बाबांनाही दाखव. त्यांची काळजी नुसती दिसण्याबद्दल नसावी असं मला वाटतं.

काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढून घे, नटाच्या बाजूलाही तशीच. अलाइनमेंटला परत जाशील तेव्हा आधी त्या रेघा बघ. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. मग गाडी तिथेच थांबव आणि परत आवळल्याशिवाय रस्त्यावर काढू नकोस.